पालं उठवण्याचा ठराव

वाशीमच्या बाजूच्या एका लहानशा गावच्या म्युनिसिपालिटीत मी दोन मुदती सभासद होते. गावाचं नाव लिहीत नाही. त्या ठरावावर हात वर करणाऱ्यांची मुलं-नातवंडं अजून तिथं राहतात आणि त्यांचं माझ्याशी काही वाकडं नाही.

पन्नासनंतरची पहिली दोन-चार वर्षं होती ती. म्युनिसिपालिटीच्या कमेटीत एक बाई असावी असं वरून आलं होतं. सही करता येईल आणि फार बोलणार नाही अशी बाई शोधत अध्यक्ष आमच्या घरी आले. माझे यजमान वकील. अध्यक्षांनी बैठकीत बसून त्यांनाच विचारलं. मी आत शेंगदाणे भाजत होते. यजमान म्हणाले, "तिला विचारा की. घरातच आहे." मग मला बाहेर बोलावलं आणि मी हो म्हणाले. का म्हणाले, ते आता सांगता येत नाही. कुणीतरी मला विचारलं याचंच अप्रूप वाटलं असावं.

कामं ठरलेली होती. मुलींची शाळा, दोन विहिरी, दिवाबत्ती, दवाखान्याची देखरेख. पोलिसांचा संबंध यायचा तो बाजाराच्या दिवशी बैलगाड्या कुठं सोडायच्या एवढ्यापुरता. पहिल्याच आठवड्यात यजमानांनी मला समजावून सांगितलं होतं, "पोलीस सरकारचे आणि कमेटी गावाची. त्यांना हुकूम जिल्ह्याहून येतो. तुम्ही फार तर विनंती करू शकता." मी ते पाठ केलं होतं.

गावाच्या पूर्वेला नाल्यापलीकडे कोंडवाडा होता आणि त्याच्या मागं कमेटीच्या पडीक जागेवर दहा-बारा पालं पडलेली असायची. त्या लोकांची जात इथं लिहीत नाही, पण इंग्रजांच्या काळात त्या अख्ख्या जातीला सरकारदरबारी चोर ठरवलेलं होतं. पुरुषांनी रोज सांजेला ठाण्यावर जाऊन अंगठा द्यायचा आणि चिठ्ठीशिवाय दुसऱ्या गावाला जायचं नाही, असा कायदा होता. तो नुकताच उठला होता. त्यातली एक बाई वर्षातून दोनदा आमच्याकडे पाट्याला आणि जात्याला टाकी लावायला यायची. दगड गुळगुळीत झाला की त्यावर छिन्नीनं पुन्हा टाके घालतात, ते काम. गावात तिला टाकीवालीच म्हणत. नवराही हेच काम करायचा. जातं तो घ्यायचा, पाटा-वरवंटा ती. ओसरीवर बसून ती ठोकायला लागली की दगडाची भुकटी तिच्या पापण्यांवर साचायची आणि बोलताना ती डोळे मिचकावायची.

कायदा उठल्यावर एकदा मी तिला विचारलं होतं, "आता बरं वाटत असेल ना गं?"

"बरं हाये बाई," ती म्हणाली. "आता कोनी बोलवत नाई. पन चार महिने तो सांज झाली का आपल्या पायानंच ठान्याकडे जायचा. मी म्हणे, अरे कायले जातं? तो म्हणे, मी नाई जाऊन राह्यलो, पाय जाऊन राह्यले."

आम्ही दोघी हसलो होतो.

त्या वर्षी कापूस घरात येण्याच्या दिवसांत गावात तीन घरं फुटली. तिसरं घर होतं सरकीच्या व्यापाऱ्याचं. तोही कमेटीत सभासद होता आणि सगळे त्याला शेठच म्हणत. त्याची म्हातारी आई आवाजानं उठली आणि चोरानं तिला ढकललं. ती उंबरठ्यावर पडली. खुबा मोडला, अर्धा चेहरा काळानिळा झाला. मी तिला भेटायला गेले. नवी नवरी म्हणून या गावात आले तेव्हा पापड लाटायला मला तिनंच बसवलं होतं. तिनं माझं मनगट धरून ठेवलं. "सगळे मले इचारून राह्यले कोन होता म्हणून," ती म्हणाली. "मी त्याले पाह्यलं नाई, पोरी. मले काय मालूम?"

पण गावाला मालूम होतं. विहिरीवर, देवळात, पानाच्या दुकानात एकच बोलणं होतं, नाल्यापलीकडचं. कायदा उठवला, आता भोगा. बायका दुपारीसुद्धा दाराला आतून कडी लावायला लागल्या. मीही लावायची.

सभा दुपारी भरली. शेठनं ठराव मांडला. गावच्या हद्दीतली पालं पोलिसांच्या मदतीनं तात्काळ उठवावीत आणि सार्वजनिक सुरक्षिततेसाठी योग्य तो बंदोबस्त करण्याची ठाणेदारांना विनंती करावी. सेक्रेटरीनं तो मोठ्यानं वाचला. जागा कमेटीची होती, त्यामुळे पालं उठवण्याचा अधिकार आम्हाला होताच. पोलिसांना विनंतीच होती. मी पाठ केलेल्या नियमात सगळं बसत होतं.

मी एवढंच विचारलं, "पण चोऱ्या त्यांनीच केल्या याला पुरावा काय?"

शेठ रागावला नाही. तो थकलेला दिसत होता. "बाई, पुरावा असता तर ठराव कायले मांडला असता? सरळ फिर्याद केली असती." दोघेतिघे हसले. मग तो खाली बघत म्हणाला, "तुमी तर घरी येऊन गेल्या. माय कशी पडून हाये ते पाह्यलं ना तुमी?"

पाहिलं होतं. अध्यक्षांनी मत घ्यायला सांगितलं आणि हात वर होऊ लागले. तेरा पुरुष आणि मी. म्हातारीचा चेहरा डोळ्यांसमोर होता, हे खरं. पण त्याहून खरं हे, की सगळ्यांचे हात वर असताना आपला खाली ठेवणं मला जमलं नाही. मी हात वर केला. ठराव एकमतानं पास झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मुलींच्या शाळेत पाण्याचे माठ बघायला गेले होते. शाळा नाल्याच्या अलीकडच्या काठावर. आरडाओरडा ऐकू आला तशी शिकवणाऱ्या बाईंनी खिडक्या लावून घेतल्या आणि मुलींना पाढे म्हणायला सांगितले. मी मागच्या दारानं निघून नाल्यापर्यंत गेले.

कमेटीच्या कचऱ्याच्या गाड्या उभ्या होत्या. आमचेच सफाईवाले पालांचे दोर कापत होते. चुलींवर पाणी ओतलेलं होतं. शिपायांनी पुरुषांना एका बाजूला बसवून त्यांचे हात दोरीनं एकमेकांना बांधले होते. टाकीवालीचा नवरा त्यांच्यात दुसरा होता.

ठाणेदार मला बघून पुढं आले. तरुण माणूस, बोलायला सभ्य. मी विचारलं, "ठरावात पालं हलवायची म्हटलंय. माणसं धरून न्यायची कुठं म्हटलंय?"

"योग्य तो बंदोबस्त करावा असं लिहिलंय ना बाई," ते म्हणाले. "योग्य काय ते आम्हालाच ठरवावं लागतं." मग जरा आवाज उतरवून, जसं काही आभारच मानावेत तसं म्हणाले, "कायदा गेल्यापासून आमचे हात बांधलेले होते. कमेटीनं लिहून दिलं, फार बरं झालं."

टाकीवाली मोडलेल्या पालाजवळ उभी होती. छिन्न्यांची पिशवी तिनं छातीशी धरली होती. मी जवळ गेले. ती रडत नव्हती.

"त्या कागदावर तुमचं नाव हाये का बाई?" तिनं विचारलं.

"सगळ्यांचंच आहे," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, म्हणजे समजलं अशी.  मी नुसतं "आहे" म्हणायला हवं होतं. सगळ्यांचं असं म्हणून मी स्वतःला त्या तेराजणांच्या मागं लपवलं, आणि ते तिला तिथल्या तिथं कळलं.

चार दिवस पुरुष कोठडीत होते. त्यांच्याकडे काही सापडलं नाही म्हणून पाचव्या दिवशी सोडून दिले. त्या दुपारी टाकीवाली नवऱ्याला घेऊन आमच्या ओसरीवर आली. त्याचा उजवा हात मनगटापासून वांग्यासारखा सुजलेला होता आणि तीन बोटं आत वळलेली होती. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी पाणी गरम केलं, हळद दिली, भाकरी बांधून दिली आणि सांगितलं, "आधी दवाखान्यात जा. आपलाच दवाखाना आहे." ते गेले. माझ्या मनाला जरा स्वस्थ वाटलं.

संध्याकाळी यजमानांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "चौकशीची मागणी कर," ते म्हणाले. "लेखी कर. पण एक लक्षात ठेव, तुला ते आता नियम दाखवतील."

तसंच झालं. पुढच्या सभेत मी ठराव मांडला, की ठाण्यात माणसाचा हात मोडला त्याची कमेटीनं तीन सभासद नेमून चौकशी करावी.  मग अध्यक्ष म्हणाले, "बाई, पोलिसांचा कारभार हा आपल्या कक्षेतला विषय नाही. आपल्याला अधिकारच नाही."

"मग त्या दिवशी होता?"

"त्या दिवशी आपण विनंती केली."

"आजही विनंतीच करू."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. कापसाच्या जिनाचे मालक, गावात दोन पाणपोया त्यांनीच चालवलेल्या. ते खरोखर अडचणीत पडल्यासारखे दिसले. "दोन आठवड्यांवर जत्रेची मिरवणूक आली," ते म्हणाले. "बंदोबस्ताला शिपाई याच ठाणेदारांकडून मागायचे आहेत. आज त्यांना डिवचलं आणि उद्या काही झालं, तर जबाबदार कोण?"

सभासदांतल्या एका म्हाताऱ्या तेल्यानं मला अनुमोदन दिलं. तो का उभा राहिला हे मला कधी कळलं नाही. सभेत त्याला मी त्याआधी बोलताना ऐकलं नव्हतं. दोन हात वर झाले, बाकीचे खाली राहिले. मी हट्टच धरला म्हणून शेवटी अध्यक्षांनी ठाणेदारांना खुलासा मागणारं एक पत्र पाठवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. एकच ओळ होती, सदर इसम पळून जाताना पडून त्यास मार लागला. सेक्रेटरीनं ते वाचून दाखवलं आणि पत्र दप्तरी दाखल झालं.

मग मी यजमानांबरोबर सर्व्हिस मोटारीनं जिल्ह्याला पोलीस साहेबांकडे गेले. तासभर बाहेर बसवून त्यांनी आत बोलावलं, चहा दिला. टेबलावर आमच्या ठरावाची नक्कल होती. साहेबांनी ती माझ्याकडे सरकवली.

"यात विरोधी मत एकही नाही. तुमचंही मत बाजूनं आहे."

"हो."

"मग तुम्हाला आता नेमकं काय हवंय?"

मी म्हणाले की त्या माणसाला हातानं काम करता येत नाही. साहेब म्हणाले, पाहतो. परत येताना मोटारीत यजमानांनी मला एक शब्द विचारला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. त्या ठाणेदारांची पुढच्या उन्हाळ्यात बदली झाली. पण त्यांची मुदतच संपली होती. सगळ्यांच्या होतात तशीच ती बदली.

उन्हाळा लागायच्या आधी चोर सापडले. मंगरूळपीरला एका सोनाराकडे पाटल्या विकताना दोघं धरले गेले. एक बाहेरचा होता, दुसरा शेठकडे सरकी मोजणारा मापारी. शेठच्या घरात कुठली खोली कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं, कारण सणाला तो तिथं जेवायला असायचा. गावात दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवसापासून मापाऱ्याच्या बापाला दोष देणं सुरू झालं, पोराला वळण लावलं नाही म्हणून.

सभेत मी पुन्हा उभी राहिले. आता तरी पालं उठवण्याचा ठराव रद्द करा, म्हणाले. अध्यक्षांनी सेक्रेटरीकडे बघितलं, सेक्रेटरीनं वही उघडून मिटली. "ठराव अमलात आलेला आहे," तो म्हणाला. "अमलात आलेला ठराव रद्द काय करायचा?" शेठ म्हणाला, "झालं ते झालं बाई. तशी बी ती जागा साफ झाली ते बरंच झालं." घरी म्हातारी खाटेवरच होती. ती पुन्हा चालली नाही.

पालावरची माणसं मेडशीकडे गेल्याचं कुणीतरी सांगितलं. मी जायचं ठरवलं. घरात सांगितलं की एका ओळखीच्या बाईला भेटायचंय, आणि ते खोटंही नव्हतं. मोटारीतून उतरून विचारत विचारत गेले, तर गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला चार-पाच पालं दिसली. टाकीवाली बाहेरच बसून पाट्याला टाकी लावत होती. तिनं मला बघितलं, उठली आणि बसायला पोतं टाकलं.

"चोर सापडले गं," मी म्हणाले. सगळ्यात आधी हेच सांगायचं असं मी वाटेत ठरवलं होतं.

"आमाले मालूम हाये."

"शेठच्याच माणसानं केलं होतं."

"हो."

ती ठोकत राहिली. मी तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं. तो पालात होता, बाहेर आला नाही. "डाव्या हातानं करून पाह्यलं त्यानं," ती म्हणाली. "नाई जमत. जातं आता मीच घेतो."

"दवाखान्यात हाड नीट बसवलं नव्हतं का?"

तिचा हात थांबला. "दवाखान्यात कुठं घेतलं बाई? डाक्टर म्हणे, ठान्यातून आला तं ठान्याची चिठ्ठी आन. चिठ्ठीशिवाय हात लावत नाई. आता ज्यानं हात तोडला त्यालेच चिठ्ठी मागाले जाऊ?"

तो दवाखाना कमेटीचा होता. त्याची देखरेख माझ्याकडे होती. दर महिन्याला मी तिथं जाऊन पट्ट्या उकळतात की नाही, फरशी पुसतात की नाही ते बघायची. ठाण्यातून आलेल्या माणसाला तिथून परत पाठवतात हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

"परत या ना," मी म्हणाले. "मी बोलते सगळ्यांशी."

"कुठं येऊ?" तिनं विचारलं, अगदी साधेपणानं. तिला खरंच जागा माहीत करून घ्यायची होती. माझ्याकडे जागा नव्हती. छिन्नी पुन्हा उचलत ती म्हणाली, "उन्हं चढली. मोटार चुकंल तुमची." मी उठले.

पुढच्या सभेत मी पोलिसांचं नावच काढलं नाही. मी फक्त दवाखान्याबद्दल बोलले, कारण तो आमच्या कक्षेत होता आणि ते कुणालाच नाकारता येत नव्हतं. जखमी माणूस कुठूनही आला तरी चिठ्ठी न मागता त्याला औषधपाणी करावं, जखम कुठं आहे आणि कशी आहे ते डॉक्टरांनी रजिस्टरात लिहावं, आणि ते रजिस्टर दर महिन्याला कमेटीपुढं ठेवावं. अध्यक्षांच्या लक्षात आलं मी काय करते आहे ते. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "दवाखान्याचा विषय आहे. हरकत नसावी." ठराव पास झाला. डॉक्टरांना आवडलं नाही. ते मला म्हणाले, "बाई, मला या गावात राहायचंय." मी म्हणाले, "मलाही." पण ते लिहायला तयार झाले.

पहिल्या वर्षी त्या रजिस्टरात ठाण्यातून आलेला एकही माणूस नव्हता. सेक्रेटरी दर महिन्याला ते माझ्यापुढं उघडून ठेवायचा आणि म्हणायचा, "बघा बाई, कोरं." नवे ठाणेदारही सभेला आले तेव्हा हसून म्हणाले की यावरून आमचा कारभार कसा आहे ते दिसतंच. मला वेगळंच दिसत होतं. दवाखान्याच्या दारातून ठाण्याचं फाटक समोर दिसायचं. मार खाल्लेला माणूस त्या फाटकातून बाहेर पडून, त्याच शिपायांच्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून आमच्या दारात कसा येणार होता?

दुसऱ्या वर्षी पोळा झाल्यावर एक जण आला. शेतावरचा सालदार, चोरीच्या संशयावरून आदल्या दिवशी नेलेला. त्याच्या कानातून रक्त येत होतं. त्याला बायकोनं हाताला धरून आणलं होतं. डॉक्टरांनी मला बोलावणं पाठवलं. मी पोचले तेव्हा कापूस लावून झाला होता आणि रजिस्टर उघडं होतं. त्यांनी लिहिलं होतं, उजवा कान, पडदा फाटलेला, आणि पुढं लेखणी अडली होती.

"कशानं झालं ते लिहू का?" त्यांनी मला विचारलं.

"त्यालाच विचारा," मी म्हणाले.

त्याला ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी वाकून डाव्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा विचारलं. त्यानं बायकोकडे बघितलं. ती दाराबाहेर, रस्त्यापलीकडे बघत होती.  मग तो म्हणाला, "पडलो, म्हणा."

डॉक्टरांनी लेखणी टेकवली, उचलली आणि माझ्याकडे पाहिलं.  तो त्याचा शब्द होता. बदलून घ्यायचा अधिकार मला नव्हता. डॉक्टरांनी लिहिलं, रुग्ण सांगतो की पडलो. पुढं आपल्या मनानं त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, की कानाची ही जखम पडल्यामुळे होत नाही. खाली सही केली आणि रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. त्यांच्या सहीखाली मी माझी केली, पूर्ण नाव घालून.

त्या महिन्याच्या सभेत सेक्रेटरीनं ती नोंद वाचली.  अध्यक्ष म्हणाले, "पुढचा विषय," आणि पुढचा विषय विहिरीचा होता.